घड्याळाचा खटका
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत काही बोलावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी आम्हांस दिली होती. आमची पदवी बी. ए. ची, चाकरी केंद्र सरकारची आणि वय पन्नाशीच्या पलीकडचे. त्यामुळे निवृत्तिवेतनाच्या नियमांवर काही ऐकावे लागणार, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. मागच्या खुर्च्यांवर जी दाटी झाली आहे, ती त्याचीच खूण असावी. त्या मंडळींनी निर्धास्तपणे पुढे यावे. आज आम्ही एका मनगटी घड्याळाच्या पट्ट्याविषयी, आणि त्यातही त्या पट्ट्याच्या खटक्याविषयी बोलणार आहोत.

सन २०२३ च्या गणेशोत्सवात, ऐन आरतीत टाळ्या वाजविताना आमच्या हातातील घड्याळ निसटून प्रसादाच्या ताटापाशी पडले, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. एका चिमुरड्याने ते उचलून दिले. "काही नाही, पट्टा जरा सैल आहे," असे आम्ही त्या वेळी हसून सांगितले होते. ते खरे नव्हते. खरे काय होते ते आज सांगतो.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या विवाहास तीस वर्षे झाली. आमची कन्या बंगळूरला नोकरी करते. तिने आपल्या मिळकतीतून आम्हांस एक स्विस बनावटीचे घड्याळ भेट दिले. किंमत सांगत नाही. एवढेच म्हणतो की आमच्या पहिल्या स्कूटरचे सगळे हप्ते एकत्र केले तरी ती बेरीज त्या किमतीच्या जवळपासही जाणार नाही. सरकारी नोकरास असा आनंदही थोडा नियमाने उपभोगावा लागतो. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे जवळच्या आप्तांकडून मिळालेली भेट ठरावीक किमतीपुढची असेल, तर ती कार्यालयास कळवावी लागते. आम्ही कळविली. सरकारदप्तरी त्याची नोंद "मनगटी घड्याळ, पोलादी पट्ट्यासह, नग १" अशी आहे. घड्याळ सरकारच्या दृष्टीने तेव्हापासून निर्दोष आहे.

आमच्या वडिलांचे घड्याळ एच. एम. टी. चे 'जनता' होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने १९६१ साली बंगळूरास जो कारखाना निघाला, त्यातले. रोज सकाळी किल्ली द्यावयाची, आणि चामड्याचा पट्टा भोकात खिळी अडकवून बांधावयाचा. त्या बकलात बिघडण्यासारखे काही नव्हतेच. चामडे तुटे, तेव्हा मोच्याकडे जाऊन दुसरे घालून आणावे, इतकेच. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. घड्याळ आमच्या कपाटात आहे आणि किल्ली दिल्यास आजही चालते.

नव्या घड्याळाचा मामला निराळा. त्याचा पट्टा पोलादी कड्यांचा असतो आणि तो कधी पूर्णपणे सुटत नाही. खाली मनगटाच्या आतल्या बाजूस पोलादाची पातळ पाती असतात, बिजागरीने एकमेकांस जोडलेली. ती घडी करून दाबली की पट्टा आवळतो, उघडली की रुंद होतो आणि हात बाहेर येतो. इंग्रजीत यास फोल्डिंग क्लास्प म्हणतात. आपण खटकाच म्हणू. आमच्या घड्याळाच्या खटक्यास दोहों बाजूंस दोन बारीक कळी आहेत. प्रत्येक कळीमागे तांदळाच्या कणीएवढी स्प्रिंग आणि तिच्या पुढे एक नख. पाते दाबले की दोन्ही नखे खालच्या खुंटीस दोन बाजूंनी धरतात आणि 'टक्' असा आवाज येतो. लाखमोलाच्या यंत्राचा सारा भार त्या दोन नखांवर असतो, ही गोष्ट घड्याळ घेताना कोणाच्या मनातही येत नाही. दुकानात आपण तबकडी पाहतो, काच पाहतो, मागचे झाकण पाहतो. खटका उघडून मिटून कोण पाहतो?

पहिल्याच आठवड्यात, कार्यालयात फाइलीवर सही करताना मनगट वाकविले आणि खटका आपोआप उघडला. पट्टा रुंद झाला एवढेच. घड्याळ सरकत बोटांच्या पेरांवर येऊन थांबले. आम्ही ते मिटले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात डबा उचलताना पुन्हा तेच. विशाखापट्टणमच्या मे महिन्यात मनगट घामाने फुगते, पट्टा तंग होतो आणि खटक्यावर ताण येतो, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून पट्टा एक खाच सैल केला. उपयोग झाला नाही. तंग पट्ट्याने उघडणारा खटका सैल केल्यावर राहतो. हा राहीना, तेव्हा दोष मनगटाचा नसून खटक्याचा आहे हे आम्हांस त्याच वेळी उमगावयास हवे होते. उमगलेही होते. परंतु त्याच संध्याकाळी कन्येचा फोन आला, "बाबा, घड्याळ कसं आहे?" आणि आम्ही म्हणालो, "झकास!"

यापुढचे चार महिने आम्ही ते 'झकास' सांभाळीत होतो. सौ. ने पहिल्याच दिवशी घड्याळ हातात घेऊन निदान केले होते. बायकांची जात तोड्याचा खिळा आणि साखळीचा फासा ओळखत मोठी होते. सैल फाशाचा दागिना त्या अंगावर घालीत नाहीत, सोनाराकडे पाठवितात. "हे दुकानात परत करा," असे तिने सुचविले. आम्ही म्हणालो, तिला वाईट वाटेल. मग तिने काही न बोलता काळा दोरा आणून पात्यांभोवती दोन वेढे दिले. बाहीखाली तो दिसत नसे. आम्ही कार्यालयात पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागलो ते यामुळे. मे-जूनमध्ये या गावात पूर्ण बाह्या घालणाऱ्या माणसाकडे लोक सहानुभूतीने पाहतात.

आरतीच्या दिवशी दोरा बांधावयाचा राहिला. त्यानंतर जे झाले ते आपण पाहिलेच.

त्याच्या पुढील रविवारी आमच्या हातून जे घडले ते मात्र कोणी पाहिले नव्हते. घरातली पक्कड घेऊन आम्ही वरचे पाते जरासे दाबले. नख नीट बसत नाही, तर पाते थोडे वाकवावे, असा आमचा हिशेब. पात्यावर दोन ओरखडे उठले आणि खटका पूर्वीपेक्षा लवकर उघडू लागला.

पूर्णा मार्केटच्या बाजूस एक वृद्ध घड्याळजी बसतात. तेलुगूत घड्याळास 'गडियारम्' म्हणतात, तेव्हा निदान विषयापुरती भाषेची अडचण पडली नाही. त्यांनी डोळ्यास भिंग लावले आणि टॉवेलाची घडी करून तीवर घड्याळ ठेवले. मग खटका मिटावयाचा आणि दोन्ही बाजूंनी हलकेच ओढावयाचे, असे वीस वेळा केले. वीसपैकी सात वेळा तो उघडला. त्यानंतर सुईच्या टोकाने त्यांनी एकेक नख दाखविले. उजवे नख पुरते बाहेर येत होते, डावे अर्धेच. त्याची स्प्रिंग आखूड पडली असावी किंवा दुबळी असावी, आणि हे कारखान्यातूनच तसे आले आहे. बाहेरून पक्कड लावून आतली स्प्रिंग आखूड होत नाही, असे त्यांनी हिंदीत समजाविले. मग ओरखड्यांवर सुई टेकवून त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान खाली घातली. त्यांनी दुरुस्ती केली नाही, पैसेही घेतले नाहीत. हमीच्या मुदतीत आपण हात लावला तर कंपनीला निमित्त मिळेल, असे सांगून घड्याळ परत दिले. त्यांची ती वीस वेळांची परीक्षा आपणही घरी अवश्य करावी. खाली गादी किंवा टॉवेल मात्र असू द्यावा.

आम्ही सेवाकेंद्रास पत्र लिहिले. खटका पहिल्या आठवड्यापासून उघडतो, वीसपैकी सात वेळा उघडला, डावे नख अपुरे येते, सोबत छायाचित्रे. पकडीचा उल्लेख केला नाही. कार्यालयातील एका स्नेह्याने बजावले होते की, विचारल्याशिवाय सांगू नये. कचेरीतील टिपणे लिहिताना हा नियम आम्हीही पाळीत आलो आहोत.

उत्तर आले की, पात्यावर हत्याराच्या खुणा दिसतात, सबब हमी लागू होत नाही. तरीही ग्राहकाने कोणतेही हत्यार वापरले नसल्यास तसे लेखी द्यावे. आणि बिल ज्यांच्या नावे आहे त्यांची त्यावर सही असावी.

बिल कन्येच्या नावे होते.

बंधुभगिनींनो, तो कागद आमच्यापुढे दोन दिवस पडून होता. एक ओळ लिहावयाची आणि बंगळूरास पाठवावयाची. तिने न वाचता सही केली असती, वडिलांच्या अक्षरावर मुली सही करतात. तिसऱ्या दिवशी रात्री आम्ही फोन केला आणि पहिल्या आठवड्यापासून पकडीपर्यंत सगळे सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग ती म्हणाली, "बाबा, घड्याळ बिघडलं याचं मला काही नाही. पण मी दर रविवारी विचारत होते आणि तुम्ही दर रविवारी झकास म्हणत होतात." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. 'खटका' या शब्दास मराठीत दुसरा एक अर्थ आहे, तो त्या रात्री आमच्या घरी अनुभवास आला. आईने फोन घेतला आणि त्या दोघी आमच्याविषयी पाऊण तास बोलल्या.

दुसरे पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिले. दोष कोणत्या दिवशी प्रथम दिसला, पक्कड कोणत्या दिवशी लावली, ओरखडे कोठे आहेत आणि अपुरे नख कोठे, हे वेगवेगळे मांडले. ओरखड्यांचा खर्च आम्ही देऊ. नखाची स्प्रिंग ही तुमची, असे स्पष्ट लिहिले.

येथे एक व्यावहारिक माहिती देतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांची खरेदी सुटीत पुण्या-मुंबईस होते आणि वापर येथे होतो. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा कायदा आला. तो २०२० च्या जुलैत अमलात आला. आता आपण राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार देता येते. दुकान कोणत्याही गावचे असो. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत द्यावी. शिवाय विकत घेणाराच ग्राहक असे नाही. त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे मुलांनी दिलेल्या वस्तूंबाबत आपले तोंड बंद नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारावे. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना, हे घरी पोहोचण्यापूर्वीच पाहावे. पट्ट्याची नित्याची झीज बहुतेक हमीपत्रे वगळतात. म्हणून दोष दिसताच त्याच आठवड्यात लेखी कळवावे. चार महिन्यांनी कळविल्यास झीज कोणती आणि दोष कोणता, हे सांगणे अवघड होते. आम्ही हे अनुभवाने सांगत आहोत.

आयोगाकडे जाण्याची वेळ आमच्यावर आली नाही. सेवाकेंद्राने आतली कळ, दोन्ही नखे व स्प्रिंगा विनामूल्य बदलून दिल्या आणि वरच्या पात्याचे पैसे आमच्याकडून घेतले. ते रास्त होते. सहा आठवडे लागले. जुने पाते, आमच्या दोन ओरखड्यांसह, लहानशा पिशवीत घालून परत आले. कन्या संक्रांतीस आली तेव्हा ते तिने मागून नेले. कशासाठी, हे सांगितले नाही.

घड्याळ परत आले त्या रात्री तिचा फोन आला होता. "बाबा, कसं आहे?" आम्ही 'झकास' म्हणणार, तोच तिने विचारले, "टॉवेलावर ठेवून वीस वेळा पाहिलंत का?"

पाहिले होते. बावीस वेळा.