सायकलच्या वाटेला कठडा हवा, चौकाला शिस्त हवी



शहरातल्या मोठ्या रस्त्यावर सायकलसाठी वेगळी, कठड्यानं राखलेली वाट केली तर सायकल चालवणारा खरोखर सुरक्षित होतो का, हा आजचा विषय आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. होतो, पण तीन अटींवर. सायकल आणि मोटार यांच्यामध्ये खरा अडथळा हवा. चौकाची रचना बदलायला हवी. आणि वाट घरापासून शाळेपर्यंत, कामाच्या जागेपर्यंत सलग हवी. या तिन्ही अटी नांदेड आणि लातूर या आपल्या दोन शहरांना कशा लागू पडतात, ते आज मांडायचं आहे.

आपल्याकडे सायकल चालवतं कोण? मोंढ्यात पहाटे जाणारा हमाल, बांधकामावरचा मजूर, दूधवाला, दुकानात कामाला असलेला पोरगा. आणि सगळ्यांत मोठ्या संख्येनं विद्यार्थी. ‘लातूर पॅटर्न’ या शिकवण्याच्या पद्धतीमुळे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुलं लातूरला येतात, खोली करून राहतात आणि कॉलेज, क्लास, मेस, अभ्यासिका अशा फेऱ्या मारतात. नांदेडलाही आता तेच चित्र आहे. मानव विकास कार्यक्रमातून सरकार आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल देतं, ते शाळा सुटू नये म्हणून. म्हणजे सायकल आपल्याकडे शिक्षणाचं साधन आहे. तिची वाट धोक्याची असेल तर धोका शिकणाऱ्या मुलांच्या अंगावर येतो.

नांदेडकरांनी एक गोष्ट अभिमानानं लक्षात ठेवावी. २००८ साली शीख पंथाच्या गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. त्या निमित्तानं आणि केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या पैशातून इथले प्रमुख रस्ते नव्यानं आखले गेले. त्या आराखड्यांत पदपथ होता, झाडांची रांग होती, फेरीवाल्यांना आणि ऑटोंना जागा होती, आणि सायकलसाठी वेगळा पट्टाही होता. बहुतेक महानगरांना हे सुचत नव्हतं, त्या काळात मराठवाड्यातल्या एका शहरानं ते कागदावरून जमिनीवर आणलं. देशभरातले रस्ते-रचनाकार नांदेडचं उदाहरण देत आले आहेत. त्या रस्त्यांवर सायकलची वाट आज कुठे मोकळी आहे आणि कुठे बुजली आहे, हे तुम्ही रोज डोळ्यांनी पाहता. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

आता पहिली अट. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत सायकलस्वार सुमारे ३ टक्के. आकडा लहान वाटेल, पण सायकलस्वार कोणाला चिरडून मारत नाही, तो फक्त मरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींत अपघाताचा सर्वांत मोठा प्रकार मागून दिलेल्या धडकेचा आहे. लातूरच्या औसा रोडवर उसाच्या हंगामात सायकल चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे ट्रॉलीची रांग, मागून कट मारून पुढे निघणारी गाडी, डावीकडे नाली. त्यानं जायचं कुठे? या धडकेवर कठडा हाच इलाज आहे. मागून येणारी गाडी सायकलपर्यंत पोचलीच नाही तर धडक कशी बसेल?

कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हर या शहरांत संशोधकांनी रुग्णालयात आलेल्या ६९० जखमी सायकलस्वारांची माहिती घेतली. जिथे अपघात झाला ती जागा आणि त्याच फेरीतली दुसरी कुठलीही एक जागा, अशी त्यांनी तुलना केली. माणूस तोच, सायकल तीच, दिवसही तोच. बदलला तो फक्त रस्ता. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की कडेला गाड्या उभ्या असलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत राखीव सायकल मार्गावर जखमी होण्याचा धोका साधारण एक नवमांश होता. माँट्रियल शहरात अशा मार्गांवरचं जखमी होण्याचं प्रमाण शेजारच्या तशाच रस्त्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी आढळलं. अमेरिकेतल्या १२ मोठ्या शहरांच्या १३ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जिथे राखीव सायकल मार्ग जास्त, तिथे मोटारीतल्यांसकट सगळ्यांचेच मृत्यू कमी, असं दिसलं. रस्ता आखीव झाला की गाड्यांचा वेग उतरतो, आणि वेग उतरला की सगळेच वाचतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

इथे अडथळा म्हणजे खरा अडथळा समजा. रंगाचा पट्टा कोणाला अडवत नाही. त्यावर आधी मोटारसायकल उभी राहते, मग चारचाकी, मग वाळूचा ढीग. मग सायकलवाला त्या गाडीला वळसा घालून थेट रहदारीत शिरतो, आणि पट्टा नसता त्याहून अवघड जागी सापडतो. म्हणून पट्टा रस्त्यापेक्षा उंच हवा, किंवा मध्ये सलग दुभाजक हवा. मात्र आपल्याकडची एक अडचण डेन्मार्क-हॉलंडच्या पुस्तकांत सापडत नाही. वाटेच्या तोंडाशी खांब रोवले की ऑटो आणि चारचाकी अडते, मोटारसायकल अडत नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस जावा म्हणून खांबांत सुमारे ९० सेंटीमीटर अंतर ठेवावं लागतं, आणि तेवढ्यातून मोटारसायकल आरामात जाते. खांबांच्या भरवशावर राहून चालणार नाही. तिथे वाहतूक पोलिसाची दंडाची पावती लागेल. मोटारसायकलवाल्याला मुख्य रस्त्यात कोंडी न होता जाता आलं पाहिजे, आणि सायकलींची वाट सायकलींनी भरलेलीही हवी. रिकामी वाट दुसऱ्याला आमंत्रण देते.

दुसरी अट चौकाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सायकलींची राजधानी म्हणून आपण कोपनहेगनचं नाव घेतो. त्याच शहरात सायकल मार्गांच्या आधीचे आणि नंतरचे अपघात मोजले गेले. मार्ग झाल्यावर सायकलींची रहदारी १८ ते २० टक्क्यांनी वाढली. दोन चौकांमधल्या रस्त्यावर अपघात सुमारे १० टक्क्यांनी घटले. चौकांत मात्र ते सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. कारणही सापडलं. मुख्य रस्त्यावर गाड्या लावायला बंदी झाली, म्हणून गाड्या गल्लीत वळू लागल्या. प्रत्येक वळण सायकलची वाट कापत होतं. अमेरिकेतही असंच दिसलं: रस्त्याच्याच पातळीवर, जागोजागी फाटे आणि फाटकं असलेल्या राखीव मार्गानं फारसा फायदा दिला नाही, पुलावरचे किंवा उंच केलेले मार्ग पुष्कळ सुरक्षित ठरले.

लातूरकरांना हे मी काय सांगावं? १९१७ साली उभ्या राहिलेल्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची ती आखणी बाजारपेठेसाठी नामी होती. हातगाडा आणि बैलगाडी यांच्या वेगाला ती शोभत होती. आज तिथे ऑटो, दुचाकी, टेम्पो आणि पायी चालणारी माणसं एकाच वेळी वळत असतात. अशा ठिकाणी दोन रस्त्यांना कठडा बांधून मुलाला चौकाच्या तोंडाशी मोकळं सोडलं, तर आपण त्याला नेमकं धोक्याच्या जागी आणून सोडलं.

चौकात करायचं काय, हे ठाऊक आहे आणि ते फार खर्चिक नाही. वळणाचा कोपरा आखूड करायचा, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या गाडीला वेग उतरवावाच लागतो. सायकलची वाट गल्लीच्या तोंडावरून त्याच उंचीनं पुढे न्यायची. गाडी चढून उतरेल, सायकल नाही. थांबण्याची रेघ मोटारींसाठी मागे आणि सायकलसाठी पुढे ठेवायची, म्हणजे ट्रकच्या चालकाला मूल दिसतं. चौकापासून काही अंतरापर्यंत गाडी उभी करायला आणि फलक लावायला सक्त मनाई करायची. आणि गोलाईसारख्या दाट बाजारात कठडा बांधण्याऐवजी सगळ्यांचाच वेग ताशी २० ते ३० किलोमीटरवर आणायचा. तिथे तोच सायकलचा राखीव मार्ग.

तिसरी अट सलगतेची. पुण्यात २००६ पासून बीआरटीच्या, म्हणजे जलद बससेवेच्या, रस्त्यांच्या कडेनं सायकल मार्ग झाले. ज्या शहराची ओळखच सायकलींचं शहर अशी होती, तिथेही ते तुकड्या-तुकड्यांत राहिले. कुठे बसथांबा मध्ये आला, कुठे विजेची डीपी, कुठे मार्ग एकदम संपला. २०१७ साली पुणे महापालिकेनं सायकलचा सर्वंकष आराखडा मंजूर केला, त्यामागे तुटकपणाचा हा अनुभव होता. उलट उदाहरण स्पेनच्या सेव्हिया शहराचं आहे. उन्हाळ्यात तिथे आपल्यासारखाच ४० अंशांच्या वर पारा जातो. तिथे फारसं कोणी सायकल चालवत नव्हतं. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं, कठड्यानं राखलेलं जाळं एका दमात बांधलं. सायकली कित्येक पटींनी वाढल्या आणि दर फेरीमागचा धोका घटला. आपल्याकडच्या उन्हात सायकल कोण चालवणार, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. झाडांची रांग मात्र आपल्या आराखड्यात हवीच.

आणखी दोन आक्षेप नेहमी येतात. एक म्हणजे, रस्ते अरुंद आहेत. अरुंद रस्त्यावर कठडा मागतंच कोण? तिथे वेग कमी करा. कठडा हवा तो रिंग रोड, औसा रोड, बार्शी रोड, तरोडा नाका किंवा विष्णुपुरीकडे जाणारा रस्ता अशा रुंद, वेगवान रस्त्यांवर. दुसरा आक्षेप, सायकली आहेतच किती? इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ सालीच निकष दिला. गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि १०० ते २०० मोटारगाड्या असतील, तर वेगळा मार्ग करावा. गाड्या २०० च्या वर असतील, तर तासाला १०० सायकलीही पुरेशा. क्लास सुटण्याच्या वेळी लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या आयटीआय चौकात उभं राहून मोजून पाहा. आकडा काय येईल, हे मी सांगत नाही, तुम्हीच मोजा. आणि लक्षात ठेवा, भीतीपोटी ज्या आईनं मुलीला सायकल दिली नाही, ती मुलगी या मोजणीत कधीच दिसणार नाही.

हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर ४०० हून अधिक मुलं मेली. तिथले आई-बाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा म्हणाले, आणि त्या आंदोलनानं त्या देशाचे रस्ते बदलायला लावले. हॉलंडमध्ये सायकली आधीपासून होत्या. कठडे आणि चौक मागून आले, आणि ते पालकांनी मागितले म्हणून आले.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. दोन्ही महापालिकांनी शाळा, कॉलेज आणि क्लास यांना जोडणारं एकेक जाळं निवडावं, त्यातले चौक आधी सुधारावेत आणि मग कठडा बांधावा. नांदेडमध्ये जे आधीच बांधलं आहे, ते मोकळं करावं. नवं बांधण्यापेक्षा ते स्वस्त आहे. अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम वेगळी दाखवावी, कारण न राखलेला मार्ग दोन पावसाळ्यांत वाहनतळ होतो. आणि श्रोतेहो, तुम्ही एक करा. आपल्या प्रभागातला एक रस्ता निवडा, शाळा सुटण्याच्या वेळी एक तास सायकली मोजा, अडथळ्यांची यादी करा आणि ती सही करून आपल्या नगरसेवकाच्या आणि आयुक्तांच्या हाती द्या. मुलं मतदार नाहीत. त्यांच्या वतीनं मागणी करणं आपलंच काम आहे.