देवनारची पदवी, कारखान्याची पाळी

देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे.
1936 साली ती नागपाड्यात सुरू झाली.
1954 मध्ये देवनारला आली.

इथून शिकलेली कितीतरी मुलं-मुली कारखान्यात नोकरीला लागली.
समाजकार्य शिकून कारखान्यात?
हो, कारखान्यातच!

1948 च्या कारखाने कायद्यानं एक अट घातली होती.
500 किंवा जास्त कामगार असतील,
तर कल्याण अधिकारी नेमायचा.

या नोकरीत टेबल-खुर्ची मिळते.
पण काम होतं, ते खात्यात फिरूनच.

सकाळच्या पाळीला हजर राहायचं.
पायात सेफ्टी शूज.
जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या रांगेत उभं राहायचं.
डाळ पातळ झाली, हे तिथेच कळतं.
कुणाचा रजेचा अर्ज अडलाय, हेही तिथेच.

नव्या पदवीधराला कामगार आधी जोखतात.
“साहेब, आमचा ओव्हरटाइम कधी लागणार?”
ठाऊक नसेल, तर “विचारून सांगतो” म्हणावं.
आणि पाळी सुटायच्या आत खरंच सांगावं.
एकदा थाप मारली, की पुढं कुणी विचारत नाही.

खरी ओढाताण वेगळीच असते.
पगार देते कंपनी.
गाऱ्हाणं आणतो कामगार.
मॅनेजर म्हणतो, हा युनियनकडे झुकतो.
युनियन म्हणते, हा मालकाचा माणूस.
हे मला या नोकरीतलं सगळ्यात कठीण वाटतं.

म्हणून पुन्हा सांगते,
टेबलापाशी बसू नका, खात्यात फिरा.

आणि हो, मुलाखतीला जाणार असाल,
तर पाळ्यांच्या वेळा आधी विचारून घ्या.
रात्रपाळीलाही फेरी मारावी लागू शकते.