गरीब चुकतो की चणचण चुकवते?

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



"गरिबाला पैसा कळत नाही. आला की उडवतो, मग सावकाराच्या दारात उभा राहतो." आम्ही गिरणीत राबलेली माणसं हे आयुष्यभर ऐकत आलो. आपल्यातल्याही काहींना आता ते खरं वाटू लागलं आहे. म्हणून आज आम्ही वर्तनात्मक अर्थशास्त्र या शाखेविषयी बोलणार आहोत.

जुनं अर्थशास्त्र धरून चालायचं की, माणूस प्रत्येक व्यवहार हिशेब करूनच करतो. डॅनियल कानमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिलं की, तसं नाही. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख पुष्कळ मोठं असतं. श्रीमंताचं मनही असंच चालतं.

मग गरिबाचं वेगळं काय? तामिळनाडूतल्या ५४ गावांत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोडणीआधी त्यांचा हात आखडलेला, उसाचे पैसे आल्यावर मोकळा. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी बुद्धीची कोडी घातली. तोडणीआधी ती कमी सुटली, नंतर जास्त. माणूस तोच, डोकं तेच! फरक चणचणीचा. उद्याची भाकरी, फी, भाडं यांनीच डोकं भरलेलं असेल, तर कर्जाच्या कागदावरचं व्याज दिसणार कसं?

तेव्हा नुसता उपदेश करून भागत नाही, व्यवस्था बदलावी लागते. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात योजना मांडली. आज काही कापायचं नाही. पुढची पगारवाढ झाली की बचत आपोआप वाढेल. नको वाटलं तर बाहेर पडायला मोकळीक. सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातातलं काही गेलं नाही, म्हणून कुणाला दुखलंही नाही.

आपल्यालाही हे जमेल. बचत गटाची वर्गणी पगाराच्याच दिवशी गोळा करावी. महिनाअखेरीच्या ओढाताणीत कर्जाच्या कागदावर सही करू नये. एक रात्र जाऊ द्यावी, जाणत्या माणसाकडून तो वाचून घ्यावा. आणि शेजाऱ्याचा निर्णय चुकला, तर त्याला मूर्ख म्हणण्याआधी विचारावं, "बाबा, घरात किती दिवसांचं धान्य आहे?"

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.