वार लावून घ्या
(व्याख्यानमालेतील व्याख्यान)



'गरिबांत काम करणाऱ्या कॅथलिक भगिनी आणि आपण' असा आजचा विषय आहे. त्यातल्या 'आणि आपण' एवढ्यावरच मी बोलणार आहे. भगिनींचे कौतुक आपण पुष्कळ करतो. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

१८३९ सालचा हिवाळा. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सॅं-सर्व्हां नावाचे बंदर. पुरुष गलबतांवर जायचे, काही परत यायचे नाहीत. मागे उरलेल्या म्हाताऱ्या दारोदार हात पसरायच्या. जान जुगां त्याच किनाऱ्यावरची. चार वर्षांचीही नव्हती तेव्हा बाप समुद्रात गेला. पुढे लोकांच्या घरची कामे आणि आजाऱ्यांची उठबस करून ती पोट भरत होती. वय सत्तेचाळीस. त्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, अंगावरून वारे गेलेल्या विधवेला घरी आणले, आपला बिछाना तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' हा संघ त्या बिछान्यापासून सुरू झाला.

पण माझे लक्ष बिछान्यापेक्षा टोपलीकडे आहे. या म्हाताऱ्या भीक मागूनच जगत आलेल्या. घर मिळाले तरी पोटासाठी बाहेर पडणे सुटेना. तेव्हा जानने टोपली स्वतःच्या हातात घेतली. तुम्हाला कुठल्या घरी मिळते ते त्यांनाच विचारले आणि त्याच दारांत जाऊन सांगितले, यापुढे त्या येणार नाहीत, मी येईन. उरलेसुरले अन्न, जुने कपडे, चार नाणी, मिळेल ते घेतले. मागणे चालूच राहिले. त्याची लाज मात्र आता तिच्या वाट्याला आली.

तिची एक गोष्ट सांगतात. एका श्रीमंत गृहस्थाने तिला काही दिले. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा दारात. तो चिडला. तिने शांतपणे सांगितले, माझ्या म्हाताऱ्यांना काल भूक लागली होती, आज लागली आहे, उद्याही लागेल. पुढे तो गृहस्थ नेमाने देऊ लागला म्हणतात.

१८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला मोंत्यों पुरस्कार दिला. पण त्याआधीच, १८४३ मध्ये, एका धर्मगुरूने तिला प्रमुखपदावरून दूर केले होते. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे ती संघाच्याच मठात बाजूला पडून राहिली. संस्थापिका हीच, हे नव्या मुलींना ठाऊक नव्हते. १८७९ मध्ये ती गेली तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या. २००९ मध्ये चर्चने तिला संत घोषित केले.

त्या अज्ञातवासात एकदा मात्र तिचा सल्ला घेतला गेला. १८६५ मध्ये संघापुढे प्रश्न आला, कायमचे उत्पन्न देणाऱ्या देणग्या घ्याव्यात का? जानचे मत पडले, घेऊ नयेत. रोज जे येईल त्यावर चालावे. संघाने तसेच ठरवले.

समोर बसलेल्या हिशेबनिसांच्या कपाळावर आठी दिसते आहे. औषधांची बिले 'उद्या देव देईल' म्हणून थांबत नाहीत. जोखीम आहेच, ती मी नाकारत नाही. पण कायम निधीचा दुसरा परिणामही पाहा. धनादेशावर सही झाली की देणारा मोकळा होतो. रोज द्यावे लागते तिथे दार उघडावे लागते, आणि दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसतो.

हे आपल्याला नवे नाही. आजी सांगायची, त्यांच्या घरी मंगळवारी वारावर जेवणारा विद्यार्थी यायचा. आमटी पातळ असो की घट्ट, मंगळवार त्याचा. एकदा तो आला नाही, तेव्हा आजोबा संध्याकाळी त्याच्या खोलीवर चौकशीला गेले; पोरगा तापाने फणफणला होता. निधीला मंगळवार नसतो, म्हणून निधी चौकशीला जात नाही.

लिटल सिस्टर्स १८८२ मध्ये कोलकात्यात आल्या. मुंबईत अंधेरीला, महाकाली गुंफांच्या रस्त्यावर त्यांचा वृद्धाश्रम आहे. इतर व्रतांबरोबर या भगिनी आतिथ्याचेही व्रत घेतात. म्हणून आलेला म्हातारा त्यांच्या लेखी पाहुणा असतो.

'हे सगळे धर्मांतरासाठी ना?' असा प्रश्न येणारच. भगिनी श्रद्धेपोटी काम करतात आणि ते लपवत नाहीत. त्यांच्या आश्रमांचे दार मात्र कुठल्याही धर्माच्या गरीब वृद्धाला उघडे असते. तरी शंका असेल तर जाऊन बघा. शंकेलाही दारापर्यंत चालत जाऊ द्या.

दुसरे, 'त्यांना परदेशातून येतेच की!' २५ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने मिशनरीज ऑफ चॅरिटी या भगिनींच्या दुसऱ्या संघाच्या परदेशी देणग्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले. जानेवारी २०२२ मध्ये ती नोंदणी परत मिळाली. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. पण मधल्या दिवसांतही कुणाला तरी भरवायचे होते, कुणाची तरी जखम धुवायची होती. दूरचा पैसा कागदावर अडतो. शेजारच्या घरातली डाळ अडत नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. जवळच्या भगिनींना फोन करा आणि काय कमी आहे ते आधी विचारा. सणाला आश्रमांत मिठाईचे खोके साचतात. मोठ्यांचे डायपर, कपडे धुण्याचा साबण, तेल कुणी आणत नाही. सांगतील ते न्या आणि तासभर बसा. महिन्यातला एक वार आपल्या नावावर लावून घ्या. पुढच्या महिन्यात तो वार आला की कंटाळा येईल, चिडचिडही होईल. होऊ द्या. तो श्रीमंत गृहस्थही दुसऱ्या दिवशी चिडलाच होता.