गोळी चालू राहिली पाहिजे



डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापुरात स्वागत समितीच्या वतीने मी गावोगावच्या दवाखान्यांतून आलेल्या आपणा सर्व डॉक्टरांचे मनःपूर्वक स्वागत करतो. १९३८ साली परक्या देशातल्या जखमींसाठी चीनला गेलेल्या डॉक्टरांचे हे गाव आहे.

हृदयाच्या धमनीत साचलेला प्लाक कोणत्या औषधाने अधिक कमी होतो, यावर आज या परिषदेत चर्चा होईल. २००४च्या ‘रिव्हर्सल’ अभ्यासात प्रव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा प्लाक वाढत राहिला, ८० मिलिग्रॅम अटोर्व्हास्टॅटिनने तो थोपवला. २०११च्या ‘सॅटर्न’ने याच अटोर्व्हास्टॅटिनसमोर ४० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन उभे केले. हजारावर रुग्णांच्या धमनीत सोनोग्राफीची बारीक नळी सरकवून दोन वर्षांच्या अंतराने मोजमाप झाले. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल कोलेस्टेरॉल ६२.६वर आले, अटोर्व्हास्टॅटिनने ७०.२वर. पण धमनीतील प्लाकचे प्रमाण घटले अनुक्रमे १.२२ आणि ०.९९ टक्के, म्हणजे मुख्य निकषावर दोन्ही औषधे जवळपास बरोबरीची. एकूण आकारमानात रोसुव्हास्टॅटिन थोडे पुढे राहिले, हेही सांगायला हवे. २०१६च्या ‘ग्लॅगॉव्ह’मध्ये स्टॅटिनच्या जोडीला इव्होलोक्युमॅबचे इंजेक्शन दिले, एलडीएल ३६.६पर्यंत उतरले, तरी प्लाकची घट एका टक्क्याच्या आतच राहिली.

एक टक्का ऐकून कोणी निराश होऊ नये. वर्षानुवर्षे वाढत जाणारा रोग इथे मागे फिरला आहे. शिवाय स्टॅटिनने प्लाकमधली चरबी कमी होते, त्यावरचे आवरण जाड होते आणि तो फुटण्याचा धोका घटतो. हृदयविकाराचा झटका बहुधा प्लाक फुटल्यानेच येतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. रोसुव्हास्टॅटिन की अटोर्व्हास्टॅटिन, यावर वाद घालण्यापेक्षा एलडीएल किती उतरले आणि गोळी किती वर्षे चालू राहिली, याला मी अधिक महत्त्व देतो. “डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली,” हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आला, हे त्या माणसाला कोणीही बसवून समजावलेले नसते. महागडी इंजेक्शने कोणाला खरोखर लागतात, या प्रश्नावरही इथे मोकळेपणाने बोलले जावे.

निबंध वाचणाऱ्यांना विनंती, की आकड्यांसोबत औषधाचा महिन्याचा खर्चही सांगा. आणि उपस्थित सर्वांना विनंती, की परत गेल्यावर हृदयविकाराच्या प्रत्येक जुन्या रुग्णाला पहिल्यांदा एवढेच विचारा: गोळी चालू आहे ना?