बेसूर गाणाऱ्या ॲनची गोष्ट

चुलीपुढे असाल, बांधावर असाल, गटाच्या सभेत सतरंजीवर बसला असाल, जिथे असाल तिथून ऐका. आज एका परदेशी बाईची गोष्ट सांगणार आहोत. पण आधी मागच्या महिन्यात काय झालं ते सांगावं लागेल. नाहीतर तुम्ही म्हणाल, ह्यांना आता सातासमुद्रापलीकडचं काय सुचलं!

आम्ही जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग ठेवलं होतं. तीन गटांतून अकरा जणी आल्या. ह्या अकरा जणी हळदीच्या रात्री गायला बसल्या तर कोंबडा आरवेपर्यंत उठत नाहीत. पण माईक पुढे सरकवला आणि सगळ्या एकमेकींच्या पाठीमागे. एक म्हणाली, माझा आवाज फाटका आहे. दुसरी म्हणाली, गावातले लोक म्हणतील हिला लय मिरवायची हौस. तिसरी काही बोललीच नाही, पदर तोंडाला लावून हसत बसली. आम्ही सहयोगिनी म्हणून त्यांना धीर देत होतो, पण खोटं कशाला बोलावं, "मग तुम्हीच म्हणा की आधी" असं त्यांनी म्हटल्यावर आम्हीही खाली बघितलं. दीड तास गेला. चहा झाला, भजी झाली, ओवी एकही झाली नाही.

तेव्हा रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसणाऱ्या आमच्या मुलीने मोबाइल काढला. म्हणाली, ही बाई बघा. झगमगीत कपड्यातली एक देखणी बाई मोठ्या मंचावर गात होती. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण सूर चुकतोय हे अकरा जणींना एका क्षणात कळलं. ओव्या म्हणणाऱ्या बायांचा कान तयार असतो. "अगं, ही तर बेसूर गातीय!" आणि समोरचे हजारो लोक टाळ्या वाजवत होते.

तिचं नाव ॲन कर्टिस.

ॲनचा जन्म १७ फेब्रुवारी १९८५ चा, ऑस्ट्रेलियातल्या यारावोंगा नावाच्या गावचा. व्हिक्टोरिया राज्यात, मरे नदीच्या काठी हे गाव आहे. वडील ऑस्ट्रेलियाचे, आई फिलिपाइन्सची. फिलिपाइन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटांचा देश. भात, नारळ, मासळी आणि वादळं ह्यांच्यावर तिथल्या माणसांचं वर्ष चालतं. तिथल्या लाखो बाया आणि पुरुष घर चालवायला परदेशात जातात, कुणी परिचारिका, कुणी घरकामाला, कुणी जहाजावर.

बारा वर्षांची असताना ॲन सुट्टीत आईच्या देशात आली आणि तिथेच सिनेमावाल्यांच्या नजरेस पडली. १९९७ साली तिचा पहिला सिनेमा आला. त्यात ती डालिया नावाची राजकन्या होती. मग शाळेच्या वयात टीव्हीवरची कामं सुरू झाली. इंग्रजीत वाढलेली मुलगी, तिला इथली तागालोग भाषा कामापुरती शिकून घ्यावी लागली. लग्न होऊन कानडी मुलखातून आपल्याकडे आलेल्या सुना असतात ना, पहिली दोन वर्षं बाजारात बोटं दाखवून भाजी घेतात, तसंच थोडंसं.

२००४ साली ती पहिली वाहिनी सोडून एबीएस-सीबीएन ह्या दुसऱ्या मोठ्या वाहिनीकडे गेली. मालिका केल्या, सिनेमे केले. २००८ साली 'बालेर' नावाच्या सिनेमासाठी मनिलाच्या चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. बालेर हे तिथलं किनाऱ्यावरचं गाव. स्पेनचं राज्य संपत आलं तेव्हा, १८९८-९९ मध्ये, मूठभर स्पॅनिश सैनिक तिथल्या चर्चमध्ये ३३७ दिवस कोंडून घेऊन बसले होते. त्या वेढ्याच्या काळातली प्रेमकहाणी होती ती. म्हणजे नट म्हणून तिची पत होती, हे लक्षात ठेवा. पुढे जे आहे त्याला ते लागतं.

फिलिपाइन्समध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळचे टीव्ही कार्यक्रम ही मोठी जुनी गोष्ट आहे. 'ईट बुलागा' नावाचा एक कार्यक्रम १९७९ पासून चालतो. नाच, गाणी, विनोद, प्रेक्षकांसाठी खेळ आणि बक्षिसं, सगळं एकाच ताटात. दुकानात टीव्ही लावलेला असतो, घरात लावलेला असतो, परदेशात गेलेली बाईही तो बघते, कारण त्यात तिला आपल्या गावची बोली ऐकू येते. तिथे दुपारचे बारा वाजले की आपल्याकडे साडेनऊ. आपण भांडी घासत असतो तेव्हा तिकडे हा गोंधळ सुरू होतो.

२४ ऑक्टोबर २००९ ला 'शोटाइम' नावाचा नवा कार्यक्रम आला. सुरुवातीला तो हौशी गटांची स्पर्धा होता. कुठकुठले गट यायचे, आपली कला दाखवायचे, परीक्षक गुण द्यायचे. ॲन पहिल्यापासून त्याची निवेदिका. २०१२ च्या फेब्रुवारीत तोच 'इट्स शोटाइम' ह्या नावाने दुपारच्या मुख्य वेळेला आला. ह्या कार्यक्रमात प्रेक्षकांना 'मादलांग पीपल' म्हणतात, म्हणजे आमजनता. ॲन आरोळी ठोकून त्यांना हाक मारते, आपले गोंधळी देवाला हाक मारतात तशी बेंबीच्या देठापासून. आठवड्याचे सहा दिवस, थेट प्रक्षेपण, चूक झाली तर पुसायची सोय नाही.

आता गाण्याचं. ॲनला गाता येत नाही. हे ती स्वतः सांगते, तिचे सोबती भर कार्यक्रमात सांगतात, देश सांगतो. तरीही २०११ साली तिने गाण्यांचा अल्बम काढला, आणि तो भरपूर खपला. मग २८ जानेवारी २०१२ ला तिने अरानेटा कलिझियममध्ये स्वतःचा गाण्याचा कार्यक्रम ठेवला. ही जागा राजधानीला लागून असलेल्या केझॉन सिटीत आहे. आत पंधरा-सोळा हजार माणसं मावतील एवढी मोठी. १९७५ साली मोहम्मद अली आणि जो फ्रेझर ह्यांची जगात गाजलेली मुष्टियुद्धाची लढत तिथेच झाली होती. अशा ठिकाणी बेसूर बाईने तिकीट लावून गायचं!

आम्हाला सगळ्यात आवडली ती नावं. अल्बमचं नाव होतं 'ॲनबिस्योसा'. तिकडे 'अंबिस्योसा' म्हणतात महत्त्वाकांक्षी बाईला, पण कौतुकाने नाही. पायरी सोडून वर बघणारी, स्वतःला फार समजणारी, असा त्याचा टोमणा. पुरुषाला तोच शब्द लागला की तो कर्तबगार. २०१४ साली त्याच जागी दुसरा कार्यक्रम केला, त्याचं नाव 'ॲनकापाल'. 'आंग कापाल' म्हणजे केवढी ही जाड! कातडी जाड, तोंड जाड, लाज नसलेली. आपण 'निगरगट्ट' म्हणतो ना, तेच. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिसरा, 'ॲनकुलित'. 'माकुलित' म्हणजे सांगूनही न ऐकणारी, पिच्छा न सोडणारी. त्याच्या नावातच पुढे जोडलं होतं की शप्पथ, हे शेवटचं!

म्हणजे लोक पाठीमागे जे म्हणतील, ते तिने आधीच मोठ्या अक्षरात लिहून फलकावर लावलं. मग बोलणाऱ्याला बोलायला उरलं काय?

त्या दिवशी आमच्यातही ह्या शब्दांवरून बराच वेळ गेला. आपल्याकडचे शब्द निघाले. आगाऊ. चोंबडी. मिरवणारी. पुढं-पुढं करणारी. गाव कोळून प्यालेली. बचत गटाची अध्यक्ष झाली त्या दिवशी आपल्याला काय म्हटलं गेलं, ते एकेकीने सांगितलं. एकीने पिठाच्या गिरणीसाठी दुसरं कर्ज मागितलं तेव्हा तिच्या जावेने म्हटलेलं वाक्य तिला तारखेसकट पाठ होतं. ते इथे रेडिओवर सांगत नाही, जाऊबाई ऐकत असतील.

पण मैत्रिणींनो, गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी. आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, ही गोरीगोमटी आहे म्हणून लोकांनी चालवून घेतलं का? प्रश्न बिनतोड होता. फिलिपाइन्सच्या सिनेमात आणि टीव्हीवर मिश्र वंशाच्या, उजळ रंगाच्या चेहऱ्यांना कायम झुकतं माप मिळत आलंय. ॲन आधीच नावाजलेली नटी होती, पाठीशी मोठी कंपनी होती, सोबत उत्तम वादक आणि नाचणारे होते. एखाद्या कोळणीने असाच सूर चुकवला असता तर सोळा हजार लोक आले नसते. हे आम्हाला मान्य आहे.

त्याच देशातली दुसरी बाई म्हणूनच सांगितली पाहिजे. नोरा औनोर. इरिगा नावाच्या गावची, गरिबाची, सावळी, ठेंगणी. लहानपणी रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना पाणी विकायची. १९६७ साली 'तावाग नांग तांघालान' नावाची गाण्याची स्पर्धा जिंकली आणि पुढे त्या देशातली सगळ्यात मोठी नटी झाली. गोऱ्या चेहऱ्यांची सद्दी तिने मोडली. २०२२ साली सरकारने तिला राष्ट्रीय कलावंत हा मान दिला, २०२५ साली ती गेली. गंमत अशी की त्याच नावाची स्पर्धा २०१६ पासून 'इट्स शोटाइम'मध्ये परत सुरू झाली, आणि खेड्यापाड्यातली खरोखर सुरेल मुलं-मुली तिथे येऊन गातात. त्यांच्या शेजारी माईक धरून उभी असते न गाता येणारी ॲन. आम्हाला हे चित्र आवडतं.

तिने सुरापुरतंच धाडस केलं असंही नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये ती लंडनच्या मॅरेथॉनमध्ये धावली. बेचाळीस किलोमीटर, युनिसेफच्या मुलांसाठीच्या कामाला पैसे उभे करायला. त्याच वर्षी 'बायबस्ट' नावाच्या मारामारीच्या सिनेमात ती अमली पदार्थविरोधी पथकातली पोलीस झाली. भर पावसात, झोपडपट्टीच्या बोळांतून, एका दमात चित्रित केलेली लांबलचक हाणामारी आहे त्यात. तिने लहान मुलांसाठी एक पुस्तकही लिहिलंय. त्यात गायची हौस असलेलं बदकाचं पिल्लू आहे. ते कोण, हे सांगायला नको.

लग्न २०१७ साली झालं. २ मार्च २०२० ला मेलबर्नमध्ये मुलगी झाली, तिचं नाव डालिया. पहिल्या सिनेमातली राजकन्या आठवते ना? त्याच महिन्यात कोरोनाने जग बंद केलं. आणि इकडे फिलिपाइन्समध्ये वेगळंच संकट आलं. तिच्या वाहिनीचा परवाना संपला, ५ मे २०२० ला प्रक्षेपण थांबवायचा आदेश निघाला, आणि १० जुलैला संसदेच्या समितीने नवा परवाना द्यायला ७० विरुद्ध ११ मतांनी नकार दिला. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. 'इट्स शोटाइम' बंद पडला नाही, पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन ह्या वाहिनीवरून त्या वाहिनीवर फिरत राहिला.

ॲन दोन वर्षांहून जास्त काळ कार्यक्रमात नव्हती. बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी राहिलेल्या बाईला काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. गटाच्या सभेला तीनदा न आलेल्या बाईचं नाव आपणच कमी करतो की नाही? २०२२ च्या मे महिन्यात ती परत आली. तिची जागा तिच्या सोबत्यांनी ठेवली होती. हे आम्ही आमच्या सभेत मुद्दाम वाचून दाखवलं, कारण आमच्याच एका गटातली बाळंतीण सून ह्याच महिन्यात परत यायचं म्हणत होती आणि हप्त्यांवरून वाद चालला होता.

६ एप्रिल २०२४ पासून तो कार्यक्रम जीएमए वाहिनीवर दिसू लागला. ही एकेकाळची प्रतिस्पर्धी वाहिनी, आणि २००४ साली ॲन सोडून आली होती तीच. शाळकरी पोर म्हणून जिथून निघाली, तिथेच मुलीची आई होऊन परत उभी राहिली, तीच आरोळी ठोकत.

तर त्या दिवशी मोबाइल बंद झाला. चहाचे कप उचलले गेले. मघाशी प्रश्न विचारणाऱ्या आजी माईकजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "हिच्यापरीस माझा बरा असंल." त्यांनी दोन ओव्या म्हटल्या. दुसऱ्या ओवीत खोकला आला. तो आम्ही काढलेला नाही, तसाच ठेवलाय. आत्ता ह्या भाषणानंतर त्याच दोन ओव्या ऐकवणार आहोत.

पुढचं रेकॉर्डिंग बुधवारी दुपारी दोनला आहे. आत्तापर्यंत चार नावं आली आहेत, त्यात एक आमचं. सहा तरी लागतात. नावं आपापल्या गटाच्या सचिवाकडे मंगळवारपर्यंत द्या.