सूरत, तापी आणि इंग्रजी नाम

मराठीचे पाणिनी म्हटले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर काही काळ सूरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांचं मराठी व्याकरण त्याआधीच, १८३६ साली, छापून झालं होतं. १८४४ मध्ये समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी इथेच मानवधर्मसभा काढली.

आज याच सूरतेत लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी घरांतली मुलं इंग्रजी शिकतात, तेव्हा सवय आड येते ती मराठी नामाची. आपलं नाम विभक्तीनं रूप पालटतं: घोडा, घोड्याने, घोड्याला. इंग्रजीत ‘हॉर्स’ जसाच्या तसा. कर्ता कोण नि कर्म कोण, हे वाक्यातली जागा सांगते. टेबल, खुर्ची, भिंत या सगळ्यांना ‘इट’. लिंगाची कटकट नाही.

खरी गंमत मोजण्यात आहे. हिऱ्यांच्या या शहरात ‘टू डायमंड्स’ चालतं, ‘टू ज्वेलरीज’ मात्र नाही. कारण ‘ज्वेलरी’ म्हणजे सगळे दागिने मिळून एक रास. सुटा दागिना हवा तर ‘अ पीस ऑफ ज्वेलरी’. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’ याच पंगतीतले. दुकानांच्या पाट्यांवर ‘फर्निचर्स’ कितीही झळको, ते चूकच.

विशेषनामांचा नेम मात्र वेगळाच. शहराला नुसतं ‘सूरत’ म्हणायचं, पण नदी आली की आधी ‘द’ लावायचा: ‘द तापी’. का, ते विचारू नका, पाठच करा.